पांडवांचा पंचनामा

उदबत्तीचा वास आला की मला आजही ती घटना आठवते. देवळातल्या नव्हे, आमच्या मुद्देमाल खोलीतल्या उदबत्तीच्या वासानं. मुद्देमाल खोली म्हणजे पोलीस ठाण्यातली जप्त वस्तूंची कोठी. चोरीच्या सायकली, देशी दारूचे कॅन, कुलपं तोडायच्या पहारी, असला सगळा संसार तिथं. गंज आणि दारू यांचा मिळून एक वास यायचा, तो सवयीचा झाला होता. त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागलेली मी एका प्रकरणातच पाहिली, आणि ती लावायला मी सांगितलं नव्हतं.

नावं कोणाचीच सांगणार नाही. काही माणसं अजून उधन्यातच राहतात, भाजी घेताना भेटतात, आणि त्यांच्या घरच्या मुलीबाळींना उगाच त्रास नको.

मी जन्मानं सुरती, घराणं खान्देशातलं. वडील तापी काठानं रेल्वेत बसून आले आणि उधन्याच्या कापडाच्या गिरणीत लागले. आमची चाळ लूमच्या कारखान्याला लागून होती. दिवसरात्र खडखडाट चालायचा, आणि वीज गेली की त्या शांततेनं माणसं दचकून उठायची. मी पुढं गुजरात पोलिसांत भरती झालो आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. घरात अहिराणी, ठाण्यात गुजराती, आणि राग आला की हिंदी, अशी माझ्या बोलण्याची वाटणी होती. उधना भागातल्या ठाण्यात शेवटची वर्षं काढायला मिळाली याचा मला फार आनंद झाला होता. लहानपणी ज्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उधारीनं पाव खाल्ले, तिच्याच समोर आता जीप उभी राहायची.

ही गोष्ट त्या शेवटच्या वर्षांतली. लॉकडाऊन उठून थोडा काळ झाला होता. बंद खोल्यांत कोंडून राहिलेल्या माणसांना मोकळ्या हवेचं वेड लागलं होतं. पैसेवाले दुमसकडे फार्महाउस बघत होते. आमच्या लूम कामगारांना, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना, डाइंगमध्ये कापड रंगवणाऱ्यांना ते कुठून परवडणार? त्यांच्यासाठी भेस्तानमध्ये एकानं ऑफिस उघडलं. माणूस आमच्याच बाजूचा, पूर्वी साड्यांच्या मार्केटात दलाली करायचा. मी त्याला दलालच म्हणेन. व्याराच्या पुढं सागाची वाडी आहे, तिचे छोटे तुकडे विकायला काढलेत, असं तो सांगायचा. तुम्ही झोपा, साग वाढत राहील. झाड मोठं झालं की नातीच्या लग्नाची सोय, आणि तोवर रविवारी जाऊन बसायला स्वतःचं जंगल. मोठे लोक क्लबात जातात, आपण आपल्या झाडाखाली भरितासाठी वांगी भाजू. खरं सांगतो, हे ऐकून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

खबर आणली ती इको गाडी चालवणाऱ्या एका ड्रायव्हरनं. सकाळची हजेरी आटोपून मी लारीवर चहा घेत होतो. तो बाजूला येऊन उभा राहिला, उगाच गाडीची काच पुसायला लागला. ज्याला काही सांगायचं असतं तो माणूस आधी काहीतरी पुसत बसतो, हे मी फार पाहिलंय. मीच विचारलं, ''बोल ना.''

''साहेब, गुन्हा शे का नही, माले माहीत नही,'' तो म्हणाला. ''दर आइतवारले मी नवी मंडळी लई जास. त्या सागना वाडीमा. नारळ फोडतस, रडतस, खुश व्हईसन येतस. मंडळी दरखेपले नवी, साहेब. जागा मात्र तीच शे.''

''तीच म्हणजे? वाडी तीच, की तुकडा तोच?''

''वाडी तर तीच शेच. पन साहेब, तोच झोका, तोच चुल्हा, त्याच झाडं. मी गाडी लावस ती साउलीबी तीच.''

मी त्याला चहा पाजला आणि हे दुसऱ्या कोणाशी बोलू नको म्हणून बजावलं.

आता अडचण अशी की तक्रारदारच नव्हता. ज्यांनी तुकडे घेतले ते सगळे खुशीत होते. भेटले की एकमेकांना 'शेजारी' म्हणायचे. उधन्यातल्या दोन कुटुंबांनी तर वाडी शेजारी-शेजारी म्हणून मुलामुलीचं लग्नसुद्धा जमवलं होतं. दोघं एकाच वेळी कधी तिथं गेले नव्हते, कारण दलालानं नियम घालून दिला होता: फोन करून आपला रविवार ठरवायचा, न सांगता जायचं नाही, त्या बाजूला बिबट्या फिरतो. बिबट्याच्या भीतीनं कोणी गेलंही नाही.

ड्रायव्हरनं सांगितलेल्या लोकांपैकी मी आधी आप्पांकडे गेलो. आप्पा माझ्या वडिलांबरोबर एकाच खात्यात लूम चालवायचे. आता मुलाकडे कोसाडच्या वसाहतीत राहत होते. वय झालेलं, कान लूमनं खाल्लेले, त्यामुळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागे. मी साध्या कपड्यात गेलो तरी त्यांनी 'साहेब' म्हणून खुर्ची पुसली. मी म्हटलं, ''आप्पा, तुम्ही मला कडेवर घेतलंय, साहेब कसला?'' तेव्हा ते हसले आणि 'भाऊ'वर आले.

मी आडवळणानं सुरुवात केली. जमीन कशी आहे, कागद काय मिळाला, परत कधी गेला होता? आप्पा उत्साहानं सांगू लागले. त्यांच्या घराण्यात कोणाकडे कधी वावर नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात राबून कंटाळले म्हणून सुरतेला आले. बायको चाळीतल्या खोलीत आयुष्यभर राहिली, भाड्याची एक खोली सोडून दुसऱ्या भाड्याच्या खोलीत. तिला एकच हौस होती, आपल्या मालकीची सावली. तुकडा घेतला तेव्हा ती एकदा जाऊन त्या झाडाखाली बसून आली. नंतर आजारात ती गेली. जाण्याआधी म्हणाली होती, मला तापीत सोडू नका, माझ्या झाडापाशी ठेवा. आप्पांनी तिची रक्षा त्या सागाच्या मुळाशी पुरली होती.

मला पुढं बोलायचं जड झालं. पण बोलावं तर लागणारच होतं. मी सांगितलं की ती जागा अनेकांना विकलीय असा संशय आहे, तुमची फिर्याद मिळाली तर मी त्याला धरू शकतो.

आप्पांनी कानाला लावलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, ''भाऊ, मी कसाले फिर्याद देऊ? मी लिखी दिधं का ती जमीन मनी नही, मंग ती कोनाना वावरमा झोपेल शे?''

फसवणुकीच्या प्रकरणात माणूस पैशासाठी गप्प बसतो, लाजेपायी गप्प बसतो, हे मला ठाऊक होतं. आप्पांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी सही केली असती तर बायको दुसऱ्यांदा बेघर झाली असती. मी चहा संपवून उठलो. निघताना त्यांनी मला आग्रहानं चिवडा बांधून दिला.

दुसऱ्या दोघातिघांनीही हात झटकले. एकानं तर मलाच दम दिला, तुम्हाला आमचं बरं झालेलं बघवत नाही म्हणून. मग मी ठरवलं की आपणच गिऱ्हाईक व्हायचं. दलाल भेस्तानचा, मी त्याच्या तोंडापुढं कधी आलो नव्हतो. एका रविवारी मी आणि माझी बायको त्याच ड्रायव्हरच्या गाडीतून वाडी बघायला गेलो. बायकोला सगळं सांगून ठेवलं होतं. चेहऱ्यावर काही दाखवू नको म्हटलं, तर ती म्हणाली, ''तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, तेवढं येतं मला.''

वाडी सुंदर होती, हे खोटं कसं म्हणू? ओळीत उभे साग, खाली मोठाल्या वाळक्या पानांचा थर, चाललं की पापड मोडावेत तसा आवाज. दलालानं झोका बांधून ठेवला होता. चुलीवर वांगी भाजली, भाकरी घरून आणल्या होत्या. माझ्या आईच्या हातच्या भरिताची आठवण यावी असं ते झालं होतं. दलाल गोड बोलायचा. घाई करायचा नाही, माणसाला झाडापाशी एकटं सोडून लांब उभा राहायचा. पक्का विक्रेता होता. बायकोनं एका झाडाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. परतताना गाडीत तिनं पदराला चिकटलेला पाला काढला. उधना दरवाजा आला तेव्हा म्हणाली, ''खरी असती तर घेतलीच असती हो आपण.''

मी मात्र झाडांच्या बुंध्यांकडे बघत होतो. आमच्याकडे नव्या शेतात पाऊल टाकलं की पाच दगड ओळीनं मांडतात, शेंदूर-तेल लावतात, नारळ फोडतात. त्यांना पांडव म्हणायचं. ते शेत राखतात अशी श्रद्धा. शहरात दोन पिढ्या गेल्या तरी हे कोणी विसरलेलं नाही. त्या ओळीतल्या कितीतरी सागांच्या मुळाशी मला शेंदराचे डाग दिसले, काही जुने काळपट, काही ताजे. पालापाचोळ्यात करवंटीचे तुकडे होते. दगड मात्र एकही नव्हता.

मी विचार करत राहिलो. प्रत्येक नव्या कुटुंबाला जागा कोरी दिसायला हवी, म्हणजे दगड उचलले जाणार. जुनं कुटुंब पुन्हा आलं तर त्याचे दगड जागेवर असायला हवेत, म्हणजे ते परत मांडले जाणार. मग मधल्या काळात ते असतात कुठं?

सोमवारी दलालाला ठाण्यात बोलावलं. मला वर्दीत बघून तो दचकला, पण लगेच सावरला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, बोलण्यात सारखं 'सर, सर'. मी मारझोडीचा माणूस नाही. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, आणि ते कोर्टात टिकत नाही. मी समोर पाणी ठेवतो, चहा मागवतो आणि ऐकत बसतो. दलाल बोलत राहिला. तुकडे वेगवेगळे आहेत, सर. सागाची झाडं सगळी सारखीच दिसतात, सर. ड्रायव्हर अडाणी आहे, त्याला काय कळतं? तुमच्याकडे कोणाची तक्रार आहे का, सर? हे शेवटचं तो हसून म्हणाला. तक्रार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी त्याला बोलू दिलं. चहा आला. त्यानं कप ओठाला लावला तेव्हा मी सहज विचारलं, ''पांडव कुठं ठेवतोस रे?''

कप तसाच राहिला.

''वाडीत टाकलेस का? उकिरड्यावर?'' मी मुद्दाम म्हटलं.

''काय बोलतस साहेब!'' तो एकदम उसळला, आणि 'सर' जाऊन अहिराणी बाहेर आली. ''देव शेतस त्या! उकिरडावर कसा टाकसू?''

''मग?''

त्यानं मान खाली घातली. ''घर शेतस. गॅलरीमा.''

पंच घेऊन आम्ही भेस्तानला त्याच्या फ्लॅटवर गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं, हाताला कणीक होती. नवऱ्याबरोबर पोलीस बघून ती घाबरली, पण आम्ही गॅलरीकडे वळलो तशी आडवी आली. ''साहेब, बूट काढीसन जा. देव शेतस तठे.'' आम्ही सगळ्यांनी बूट काढले. मीसुद्धा.

गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागं फळी लावलेली होती आणि फळीवर दगडांच्या ओळीच्या ओळी. प्रत्येक पाचांचा संच वेगळ्या फडक्यावर, शेंदूर लावलेला, पुढं वाळलेलं फूल. एका बाजूला निळा झेंडा होता, इस्त्री करून घडी घातलेला. तो एका बौद्ध कुटुंबानं आपल्या झाडाला बांधला होता. तो झेंडाही त्यानं चुरगाळून टाकला नव्हता. बायकोला त्यानं सांगितलं होतं की ही गावाकडची दैवतं आहेत, गावी कोणी पूजा करणारं उरलं नाही म्हणून आणलीत. ती बिचारी रोज सगळ्यांना दिवा दाखवत होती. फसलेल्या प्रत्येक घराचे देव ती सांभाळत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नवरा कशात अडकलाय हे तिला कळलं तेव्हा ती नुसती फळीकडे बघत राहिली. मला तिची फार दया आली.

आमचा राइटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, सौराष्ट्रातला होता. तो पॅड मांडीवर घेऊन बसला आणि पेन थांबवून मला म्हणाला, ''साहेब, शुं लखुं? देव के पत्थर?''

''पत्थर लख,'' मी म्हटलं. ''देव जप्त ना थाय.''

त्यानं 'सिंदूर लगावेला पत्थर' असं लिहिलं. उचलायची वेळ आली तेव्हा पंचांपैकी कोणी हात लावेना. शेवटी दलालानंच एकेक संच फडक्यासकट उचलून पेटीत ठेवला. ठेवताना तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता.

वाटेत जीपमध्ये मी त्याला विचारलं, ''एवढा हुशार तू. कोणतेही पाच दगड उचलून शेंदूर फासला असता तर कोणाला कळलं असतं? घरी कशाला आणलेस?''

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मीच काही पाप बोललो. ''साहेब, देव कसा बदलू?'' तो म्हणाला.

मला हसू आलं आणि रागही आला. लोकांच्या पायाखालची जमीन यानं बेधडक बदलली होती, पण देव बदलायला त्याचा हात धजला नाही. तिथंच तो सापडला. तपासाची ही गुरुकिल्ली मी नंतर नव्या पोरांना सांगत आलो. माणूस काय चोरतो ते सगळेच बघतात. तो कशाला हात लावायला घाबरतो ते बघा, कारण तिथं तो खोटं बोलू शकत नाही.

पेटी मुद्देमाल खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर उदबत्तीचा वास. मुद्देमाल सांभाळणारा जमादार नजर चुकवत म्हणाला, ''साहेब, भगवान छे ने. दारूना कॅननी बाजूमां केम राखीए?'' त्यानं दारूचे कॅन दुसऱ्या कोपऱ्यात हलवले होते. प्रकरण चालू होतं तोवर त्या खोलीत शिवीगाळ झाली नाही आणि कोणी तंबाखू थुंकली नाही. आमच्या ठाण्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

आता ओळख पटवायची होती. एकेक कुटुंब बोलावलं. बायका आपले दगड लगेच ओळखायच्या. ठाण्याच्या टेबलावर आपले पांडव बघून लोक आधी नमस्कार करायचे आणि मग रडायचे. ज्यांनी मला दम दिला होता त्यांनीही मुकाट्यानं जबाब दिला.

आप्पा शेवटी आले, मुलगा धरून घेऊन आला होता. मी मुद्दाम त्यांना आधी काही सांगितलं नाही. पेटीतल्या एका संचात चार साधे दगड होते आणि पाचवा वरवंटा. मसाला वाटून वाटून मधे झिजलेला, काळा, गुळगुळीत. राइटरनं त्याला 'चटणी वाटवानो पत्थर' लिहिलं होतं. बाकीचे सगळे संच ओळखले गेले होते, म्हणून तो कोणाचा हे मी ताडलं होतं. आप्पांनी फडकं बघितलं, वरवंटा बघितला आणि दोन्ही हातांनी उचलला. बायकोचा वरवंटा त्यांनी तिच्या झाडापाशी पाचवा पांडव म्हणून मांडला होता. म्हणाले, ''हाऊ आठे कसा उना?''

मी सांगितलं. वरवंटा इथं कसा आला ते सांगायला या वेळी मोठ्यानं बोलावं लागलं नाही. त्यांना बरोबर ऐकू आलं.

थोड्या वेळानं त्यांनी वरवंटा टेबलावर ठेवला आणि विचारलं, ''सही कोठे करू?'' फिर्याद त्यांच्या नावानं दाखल झाली.

पण आप्पांचा पहिला प्रश्न, बायको कोणाच्या वावरात झोपलीय, तो सुटला नव्हता. जागेच्या पंचनाम्याला आम्ही वाडीत गेलो, दलालाला घेऊन. आप्पा हट्ट करून बरोबर आले. वाडीची खरी मालकीण एक आदिवासी विधवा बाई होती. दलाल तिला रविवारचं भाडं द्यायचा, सहलीला लोक आणतो म्हणून. ती म्हणाली, ''अमने एम के शेरना लोकोने झाड बहु गमे छे. पूजा करे, रडे, पछी जाय.'' शहरातल्या माणसांना झाडं एवढी आवडतात याचं तिला कौतुकच वाटलं होतं. आपली वाडी पुन्हा पुन्हा विकली गेली हे ऐकून ती मटकन खाली बसली.

आप्पा ओळींमधून चालत होते. एका झाडापाशी थांबायचे, वाकून बघायचे, पुढं जायचे. परत मागं यायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. खूण होती ती दगडांची. दगड उचलले गेले आणि झाड हरवलं. रक्षा पुरल्यावर पुन्हा आले तेव्हा ज्या झाडाखाली दगड मांडलेले दिसले, तिथं त्यांनी हात जोडले होते. ते रक्षेचंच झाड होतं की दुसरं, कोण सांगणार?

आप्पा दलालापुढं जाऊन उभे राहिले. त्याच्या हातात बेडी होती, बाजूला शिपाई. आप्पांनी शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, ''बेटा, मनी बायको कोनता झाडखाले शे?''

मी दलालाकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, बोल रे. दाखव कोणत्याही झाडाकडे बोट. एवढ्या लोकांना एवढं खोटं सांगितलंस, या म्हाताऱ्याला आणखी एक सांग. पोलीस अधिकारी असून मी त्या क्षणी आरोपीनं खोटं बोलावं म्हणून प्रार्थना करत होतो. आयुष्यात असं कधी झालं नाही, ना आधी ना नंतर.

दलालाच्या डोळ्यांत पाणी आलं. ''आप्पा, माले याद नही,'' तो म्हणाला. ''खरंच याद नही. जठे मोकळं दिसे तठे मांडी देऊ.''

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ''आते खरं बोलाले काय व्हयनं तुले?''

शिपाई दुसरीकडे बघायला लागला. आप्पा होते तिथंच पालापाचोळ्यात बसले. मालकीणबाई उठून घरातून पाण्याचा लोटा घेऊन आली. आप्पा पाणी प्यायल्यावर तिनं काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, ''तो आवजो ने, दादा. ज्यारे मन थाय त्यारे.'' वाटेल तेव्हा या, असं बोलावून ती प्रामाणिकपणे पुढं म्हणाली, ''पण झाड तो अमे कापीशुं. छोकरानुं घर बांधवानुं छे.'' साग कापण्यासाठीच लावलेला असतो. त्यात तिचं काही चुकत नव्हतं, आणि आप्पांनीही मान हलवली.

पुढं आरोपपत्र झालं, खटला उभा राहिला. लोकांना काही परत मिळालं, काही नाही. ते कोर्टाचं काम, त्यावर मी बोलणार नाही. कोर्टानं देव सोडले तेव्हा लोक ठाण्यात येऊन आपापले संच घेऊन गेले. जमादारानं पेटी पुसून ठेवली आणि खोलीत पुन्हा दारूचा वास सुरू झाला. आप्पांचा वरवंटा त्यांच्या सुनेनं शेंदूर धुऊन पाट्यावर ठेवला, असं ऐकलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. तपासाची गोष्ट मी वर सांगितली. दुसरी गोष्ट मला निवृत्त झाल्यावर कळली. आम्ही फिर्याद घेतो तेव्हा आम्हाला वाटतं की आम्ही माणसाला काहीतरी परत देतोय. पण खोट्यावर का होईना, त्याचं काहीतरी उभं असतं, आणि सही घेताना ते आम्ही काढून घेतो. घ्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण घेताना हात जरा हलका ठेवावा, एवढं मला आता वाटतं.

मागच्या हिवाळ्यात आप्पांचा फोन आला, वाडीत जायचंय, येतोस का? मी गाडी काढली. बाईनं मुलाचं घर बांधलं होतं, सागाच्या चौकटी नव्या होत्या, अजून लाकडाचा वास येत होता. तिनं आम्हाला चहा दिला. ओळीतली बरीच झाडं गेली होती, जमिनीला खोडं तेवढी उरलेली. मला धडकी भरली. आप्पांनी ती बघितली आणि काठी टेकत पुढं गेले. मग एका सागापाशी थांबले, खालचा पाला हातानं सारला आणि बुंध्याला पाठ लावून बसले.

मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी वाकून मी विचारलं, ''आप्पा, हेच का ते?''

त्यांनी वर फांद्यांकडे बघितलं.

''आज हाईच झाड,'' ते म्हणाले, आणि मला बसायला जागा करून दिली.